शेवटची पाळी कुणाची?

सोलापूरच्या बायकांना ऊन कमी पडतं, असं मी पहिल्यांदा घरी जेवताना म्हणाले, तेव्हा आमच्या ह्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. हे शाळेत गणित शिकवतात. उत्तर चुकलं की आधी उदाहरण तपासायचं, ही त्यांची सवय.

"कुठल्या सोलापूरच्या?" त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे एप्रिलमध्ये गाडीच्या सीटवर बसण्याआधी पाणी मारावं लागतं. टाकीतलं पाणी दुपारी अंघोळीला घेता येत नाही आणि गच्चीवर अनवाणी जायची हिंमत मांजरही करत नाही. अशा गावातल्या बायकांच्या रक्तात उन्हापासून तयार होणारं व्हिटॅमिन डी कमी, हे कुणाला पटावं? मला पटलं, कारण ते आकडे रोज माझ्याच हातातून जातात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांच्या भाषेत, रक्त काढणारी बाई. माझी कामाची जागा भवानी पेठेजवळ, राहते जुळे सोलापूरला. रोज स्कूटरवर जाते, आणि जाताना सनकोट, तोंडाला स्कार्फ, हातमोजे, पायमोजे, गॉगल एवढा सरंजाम असतो. एकदा सिग्नलला माझी सख्खी बहीण शेजारी उभी होती. तिनं मला ओळखलं नाही आणि मी तिला ओळखलं नाही. दोघींनी एकमेकींकडे बघून हॉर्न मात्र वाजवला. तर उन्हाचं गाव आणि उन्हाची कमतरता, हे गणित असं सुटतं. ऊन भरपूर आहे, ते अंगापर्यंत पोहोचू द्यायला कुणी तयार नाही.

तपासणी साधी असते. कोपराच्या आतली शीर शोधायची, पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं आणि मग नळी मशीनमध्ये गरगर फिरवायची. लाल पेशी खाली बसतात, वर फिकट पिवळं पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. ते दुसऱ्या मशीनला दिलं की आकडा येतो. एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम, असा तो आकडा. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. एवढ्याशा वस्तूवरून माणसाची हाडं दुखतात, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

आमच्या रिपोर्टवर तीस ते शंभर योग्य असं छापलेलं असतं. विसाच्या खाली कमतरता, आणि मधलं ते अपुरं. सगळा घोटाळा त्या शंभरामुळे होतो. शंभरातला आकडा दिसला की आपल्या माणसाची नजर आधी पस्तीस शोधते. जुळे सोलापूरच्या एक मुख्याध्यापिका आहेत. त्यांना तेहतीस आले. त्या चेहरा पाडून आल्या.

"दोनच मार्कांनी राहिले का हो?"

"राहिला नाहीत बाई. तीसला पास आहे."

"असं कसं? बोर्डाचं पस्तीस असतं."

"आमचं बोर्ड वेगळं आहे."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला, समाधान पावल्या आणि जाताना म्हणाल्या, "तरीपण फर्स्ट क्लास आला असता तर बरं वाटलं असतं."

आणखी एकीला ब्याण्णव आले. तिनं लॅबमध्ये पेढे आणले. डॉक्टरांनी लिहून दिलेला कोर्स संपल्यावरही ती औषध मनानंच घेत राहिली होती. हे जास्त झालं तरी बाधतं, आता थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, असं तिला सांगताना माझ्या तोंडात तिचाच पेढा होता.

तिसरीनं उन्हात बसायचा सल्ला मनावर घेतला आणि बाल्कनीला काच लावून आत खुर्ची टाकली. ऊन येतं, धूळ येत नाही, शेजारीण बघत नाही. मात्र ज्या किरणांनी कातडीत हे व्हिटॅमिन तयार होतं, ते काचेतून येत नाहीत. सहा महिन्यांनी तिचा आकडा जागच्या जागी होता. खुर्चीचा रंग तेवढा उडाला होता.

ही तपासणी साधारण चाळिशीच्या बायकांना का लिहून देतात, हे पुष्कळजणी विचारतात. बाईची पाळी चालू असते तोवर तिच्या शरीरातलं एक हार्मोन हाडांची राखण करत असतं. पाळी थांबली की ती राखण सुटते आणि हाडं भराभर झिजू लागतात. म्हणून त्याच्या आधीच ती भक्कम असायला हवीत, आणि त्यासाठी कॅल्शियमबरोबर हे व्हिटॅमिन लागतं. पुस्तकातलं हे वाक्य मी सांगायला लागले की बायका जांभया देत. मग मी आपल्या गावचं सांगू लागले. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पाळी असेल त्या दिवशीच येतं. मग आपण काय करतो? पाणी चालू आहे तोवर टाकी, पिंप, हंडे, तांबेसुद्धा भरून ठेवतो. हाडांचंही तसंच. पाणी जायच्या आधी टाकी भरून घ्यायची. हे एका दमात कळतं. सोलापूरच्या बाईला पाणी भरून ठेवण्याबद्दल दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

पण या उदाहरणानंच मला एकदा गोत्यात आणलं. भवानी पेठेत एका महिला मंडळानं पन्नाशीच्या आतल्या बायकांसाठी तपासणी शिबिर ठेवलं होतं. आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी टाकीचं उदाहरण देऊन छान भाषण केलं. मग मी टेबलाशी बसून एकेकीची माहिती घेऊ लागले. नाव, वय, आणि नेहमीचा प्रश्न. समोर सुवर्णा नावाची सदतीस वर्षांची बाई होती.

"शेवटची पाळी कधी आली?"

"मंगळवारी आली की," ती म्हणाली. "पर लई बारीक धार. मोटर लावली तरी वर चढली न्हाय."

डॉक्टर मॅडमनी तोंडावर फाइल धरली. मी पेन धरून बसले. मोटर कुठल्या रकान्यात लिहायची ते मला कळेना. तेव्हापासून मी 'महिन्याची पाळी' असं स्पष्ट विचारते.

सुवर्णाच्या मागं उभी असलेली बाई तर इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. हसू ओसरलं, बाकीच्या पुढं सरकल्या, तरी तिनं भिंत सोडली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती भिंत हसण्यासाठी नव्हती.

ती महानंदा. सुवर्णाची थोरली जाऊ, वय त्रेचाळीस. सुवर्णा सुई बघताच चपला घालून पसार झाली, महानंदानं मात्र मुकाट हात पुढं केला. कंबर आणि मांड्या दुखत, खाली बसलं की उठवत नसे, जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागे. ती घरी शिवणकाम करायची. ब्लाउज, शाळांचे गणवेश. पायानं चालवायची मशीन, आणि पायच चालेनात.

"वीस वर्षांत या पेठेतल्या बायकांची मापं माझ्या बोटावर हायत," ती मला म्हणाली. "टेप लागत न्हाय. कोण किती सुटली, कोण किती आटली, मला इचारा." मग माझ्याकडे नुसतं पाहून तिनं माझं माप सांगितलं. बरोबर होतं, आणि चार बायकांदेखत सांगायला नको होतं. पण मला ती आवडली. आकड्यांवर जगणारी आणखी एक बाई भेटली.

तिचा आकडा आला आठ.

हाडांच्या डॉक्टरांनी तिला कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्याला एक अशा व्हिटॅमिन डीच्या पुड्या लिहून दिल्या. कोर्स पुरा करायचा आणि पुन्हा रक्त तपासायचं. इकडे घरात वेगळंच ठरलं होतं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपेपर्यंत फरक पडला नाही, तर मशीन सुवर्णाच्या भावाला द्यायची. तो माढ्याला असतो, त्याच्या बायकोला शिवणकाम सुरू करायचं होतं. तो टेम्पो घेऊन येणार होता. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. वापरात नसलेली वस्तू नात्यात उपयोगी पडावी, एवढंच. महानंदा मला म्हणाली, "खरं हाय त्यांचं. पर मशीन गेली की मी त्या खोलीत काय बघत बसू?"

कोर्स संपल्यावर ती आली, तिला रिक्षातून धरून उतरवावं लागलं. आकडा आला तेरा.

आठावरून तेरा. तीसच्या वर जायला हवा होता, निदान जवळ तरी. रिपोर्ट घेऊन तिचा नवरा शिवाप्पा लॅबमध्ये आला. त्याचं दोऱ्या-बटणांचं दुकान आहे, माणूस हिशेबाचा.

"मॅडम, पुड्या मी स्वतः आणतोय. रिकामी पाकिटं मी स्वतः टाकतोय. मग औषध गेलं कुटं? तुमच्या मशीनमधे?"

डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावून हळूच विचारलं, "नळीची अदलाबदल नाही ना झाली?" हे मला लागलं. मी रक्त घेण्याआधी नळीवर नाव लावते आणि नाव माणसाकडून वदवून घेते. तरी तोच नमुना मी पुन्हा लावला. रोज सकाळी आम्ही आधी माहीत असलेल्या आकड्याचा नमुना मशीनला देतो, मशीन खरं बोलतेय का ते बघायला. तोही बरोबर होता. महानंदाचे पुन्हा तेराच आले.

मॅडम म्हणाल्या, "घरी जाऊन नवीन रक्त घेऊन ये. शंकाच नको."

मी गेले. समोरच्या खोलीत ती शिवणाची मशीन, तिच्यावर घड्या घातलेल्या चादरींचा ढीग. मशीनवर कपडे साठायला लागले की समजावं, तिची उचलबांगडी जवळ आली. आतून तिची सासू बाहेर आली. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. सुईकडे बघून त्या म्हणाल्या, "एकटीचंच काय काढतीस? आमचं बी बघ की. आमाला हाडं न्हाईत व्हय?"

मग अव्वा, महानंदाची बिनलग्नाची नणंद कस्तुरी आणि पळून जायला जागाच नसलेली सुवर्णा, सगळ्यांचं रक्त मी घेतलं. शिवाप्पा दारात हाताची घडी घालून माझी प्रत्येक नळी बघत होता. बरंच झालं.

आकडे आले. अव्वा चोवीस, कस्तुरी एकोणीस, सुवर्णा अठरा. महानंदा तेरा.

मी ते चार कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. या तिघींना कुठलंच औषध चालू नव्हतं. त्या शिबिरात पेठेतल्या बायकांचे आठ, नऊ, अकरा असे आकडे मी पाहिले होते. मग याच घरात ऊन जास्त येतं का? घर तर बोळात, गच्ची शेजाऱ्याच्या भिंतीच्या सावलीत. औषध न घेणाऱ्यांचं जास्त आणि घेणारीचं सर्वांत कमी! मी कागद वयाप्रमाणे लावले, जुळेना. वजनाप्रमाणे लावले, जुळेना. मग सहज आकड्यांच्या उतरत्या क्रमानं लावले आणि नावं वाचली. सासू, नणंद, धाकटी जाऊ, थोरली सून.

हा क्रम मी कुठंतरी पाहिला होता. लग्न झाल्यापासून रोज पाहिला होता. वाढणारी थोरली सून असली, की घरातल्या बायकांची पंगत याच क्रमानं बसते.

सोमवारी संध्याकाळी मी रिपोर्ट देण्याच्या निमित्तानं गेले. महानंदानं सांगितलं होतं की पुडी ती सोमवारी घेते. त्या घरात बायकांचा सोमवारचा उपास असतो, त्यामुळे वार लक्षात राहतो. मी पोचले तेव्हा उपास सोडायची तयारी चालली होती. महानंदानं भिंत धरून उठत दुधाचं पातेलं आणलं, पुडी फाडली, सगळी भुकटी पातेल्यात ओतली आणि पळीनं छान ढवळलं. चार पेले मांडले. पहिला काठोकाठ अव्वांना. दुसरा कस्तुरीला. तिसरा सुवर्णाला. आणि पातेल्याच्या तळाशी जे उरलं, ते चौथ्या पेल्यात स्वतःला. अर्धा पेलाही नव्हता.

"महानंदा," मी विचारलं, "ती पुडी कुणाची?"

"माजीच की."

"मग सगळ्यांच्या दुधात?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काही विचित्र केलं होतं. "डॉक्टरांनीच सांगितलंय, दुधातून घ्या म्हणून. दूध एकटीनं कसं प्यायचं, अक्का?"

इथं सगळा उलगडा झाला. डॉक्टरांनी पाण्यातून घ्या म्हटलं असतं, तर तिनं चुलीशी उभ्या उभ्या एकटीनं घेतलं असतं. पाण्याला वाटेकरी नसतो. गोळी दिली असती तर गोळीचे चार तुकडे कुणी केले नसते. पण दूध म्हटलं की त्या घरात ते पातेल्यात येतं, आणि पातेलं म्हटलं की ते सगळ्यांचं. माझी तपासणी बरोबर होती, शिवाप्पाचा हिशेब बरोबर होता, डॉक्टरांचं औषधही बरोबर होतं. औषध नेमानं एका पातेल्यात जात होतं आणि चौघींत उतरत होतं.

"मग आम्हाला का न्हाय?" दारातून शिवाप्पानं विचारलं. त्याला पहिली शंका हीच आली.

"बायकांच्या हाडांचं हाय म्हणून दिलं न्हाय," महानंदा म्हणाली. "तुमी कुटं पाळीतले?"

सुवर्णाला ठसका लागला. अव्वा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ओठापर्यंत गेलेला पेला खाली ठेवला.

"म्हंजे सुनेचं औषध मी खाल्लं व्हय?"

"तसं नाही अव्वा, तुम्हाला काही अपाय नाही झाला," मी घाईनं म्हणाले.

"अपायाचं कोण इचारतंय? माजे किती आले म्हनलीस?"

"चोवीस."

"हिचे?"

"तेरा."

अव्वांनी मशीनवरच्या चादरींच्या ढिगाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "वाढणारीनं तळातलं घ्यायचं, ही रीत मीच हिला लावली. मला माज्या सासूनं लावली. चांगली हाय रीत. पर औषधाला न्हाय." मग त्यांनी आपला भरलेला पेला उचलला, महानंदाच्या हातात दिला आणि तिचा अर्धा पेला स्वतःकडे घेतला. "आजपासनं दुधात आदी हिची पाळी. मग माजी. आन पुडी हिच्या पेल्यात, पातेल्यात न्हाय."

महानंदा पेला हातात धरून नुसती उभी राहिली. सासूच्या आधी प्यायची तिला सवय नव्हती. "पी की," अव्वा ओरडल्या, "का मोटर लावू?"

मग सगळेच हसले. हसता हसता अव्वांनी माझा दंड चाचपला. "आन तुजं किती ग? रोज दुसऱ्याचं काढतीस."

एवढ्या वर्षांत मी स्वतःचं तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहकारी बाईनं माझं रक्त घेतलं. चौदा. सनकोट, स्कार्फ, हातमोजे आणि चौदा. महानंदापेक्षा एक मार्क जास्त. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "सोलापूरच्याच ना तुम्ही?"

हाडांच्या डॉक्टरांनी चौघींना आपापलं वेगळं औषध लिहून दिलं, मलाही. महानंदाचा कोर्स नव्यानं सुरू झाला. दूध अजून पातेल्यातच येतं, पण पहिला पेला तिचा. आमच्या डॉक्टर मॅडम हल्ली भाषणाच्या शेवटी एक वाक्य जास्त सांगतात: औषध ज्याचं त्यानंच घ्यायचं, वाटायचं नाही. बायका मान डोलावतात. किती जणी घरी जाऊन पातेलं ढवळतात, ते मात्र मला माहीत नाही. आमच्या धंद्यात आम्हाला दंड दिसतो आणि आकडा दिसतो. स्वयंपाकघर दिसत नाही, याची मला आता फार रुखरुख वाटते. आठ, नऊ, अकरा आलेल्यांपैकी किती जणींच्या पुड्या कुणाकुणाच्या पेल्यात गेल्या असतील!

जानेवारीत महानंदा तपासणीला आली. रिक्षातून स्वतः उतरली, पायऱ्या भिंतीला हात न लावता चढली. आकडा आला अडतीस. मी फोन करून सांगितला.

"पास?" तिनं विचारलं.

"बोर्डाच्या हिशेबानंसुद्धा."

गड्डा संपला तसा माढ्याचा भाऊ टेम्पो घेऊन दारात हजर झाला. चादरींचा ढीग मशीनवरून उतरलेला होता आणि महानंदा मशीनवर बसली होती. पुढच्या घटना मला सुवर्णानं लॅबमध्ये येऊन साभिनय सांगितल्या. तो म्हणाला, "मशीन न्यायला आलोय." अव्वा म्हणाल्या, "चालू मशीन उचलत्यात व्हय? शॉक बसंल. जेवून जा." ती पायानं चालणारी मशीन आहे, हे सांगायची त्याची छाती झाली नाही. रिकामा टेम्पो नेऊ नये म्हणून त्याला कडक भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी बांधून दिली. त्याच्या बायकोला शिवण शिकायला इकडे पाठव, असं वर सांगितलं. ती आता आठवड्यातून दोनदा येते.

मागच्या महिन्यात महानंदा एक पिशवी घेऊन लॅबमध्ये आली. माझं ब्लाउज. मी शिवायला टाकलं नव्हतं, माप दिलं नव्हतं. ते तिला शिबिरापासून पाठ होतं. मी आत जाऊन घालून बघितलं. गळा, खांदा, छाती, एक सूत इकडे-तिकडे नाही. फक्त बाही, माझी नेहमीची कोपराखाली येते, ती दंडावरच संपली होती.

"महानंदा, कापड कमी पडलं का ग?"

"न्हाय की अक्का," ती म्हणाली. "बाकीचा हात उन्हाला सोडलाय."